एकदाच विचारतात

लोकशाही ही माणसाने माणसाला दिलेली सगळ्यात मोठी देणगी आहे. राजे गेले, सिंहासनं गेली, आणि पिढ्यान् पिढ्या झगडून साध्यासुध्या माणसाच्या हातात एकदाचं मत आलं. २००६च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या एर्लांगेनच्या एका प्राथमिक शाळेत ही देणगी नऊ जणांना वाटायची होती आणि ती घ्यायला आठच जण पुढे आले होते. त्यातल्या एकाने चुकीच्या कागदावर सही केली होती. त्याला वाटलं, मुलाच्या सहलीची परवानगी मागताहेत.

राहिलेल्या सातांत निवडून यायची मनापासून हौस असलेला उमेदवार एकच. श्यामकांत आगटे. वय अडतीस, गाव कऱ्हाड, नोकरी दवाखान्यातल्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहिण्याची, आणि एक मुलगी, ऊर्जा, दुसरीत. शाळेच्या पालक-मंडळाला तिकडे एल्टर्नबायराट म्हणतात. त्यात शिरण्यासाठी आजवर कोणी पत्रक काढलं नव्हतं. श्यामकांतने काढलं. तो नगरपालिकेच्या निवडणुका बघत वाढलेला. पत्रकाशिवाय उमेदवारी त्याला बँडशिवाय निघालेल्या वरातीसारखी वाटत होती.

ते पत्रक छापून घेताना रांगेत त्याच्यामागे ज्ञानदा उभी होती. गोष्ट खरी तिची आहे.

बाहेर तिकडचा तो पाऊस होता... धड पडत नाही, धड थांबत नाही, नुसता हवेत टांगलेला. ज्ञानदाच्या केसांवर त्याचे बारीक मणी बसले होते, आणि छातीशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं प्रबंधाचं तिसरं प्रकरण होतं. ती तिशीची, सांगलीची. सिरॅमिकला तडे का जातात यावर चार वर्षं विद्यापीठात संशोधन करत होती. कपबशांना तडे कसे जातात ते बघायला जर्मनीपर्यंत जायची गरज नव्हती, असं तिच्या आईचं मत होतं, आणि ते अजून कोणी खोडून काढलेलं नव्हतं.

“माफ करा, आपल्याला अजून वेळ लागेल का?” तिने जर्मनमध्ये विचारलं.

“नाही, नाही. फक्त ऐंशी प्रती,” त्यानेही जर्मनमध्येच, अदबीने सांगितलं.

यंत्र एकेक कागद बाहेर टाकत होतं आणि प्रत्येक कागदावर त्याचाच चेहरा होता. ज्ञानदा एकदा कागदाकडे बघे, एकदा त्याच्याकडे. कागदावरचा माणूस बँक लुटून फरार झालेला वाटत होता. समोरचा मात्र... बरा होता. त्याच्या कानामागे पेन्सिल होती आणि तीच तो खिशात शोधत होता.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

“हं, बोल गं आई... जेवलो... अगं आमदारकी नाही, शाळेचं पालक-मंडळ... नाही, इथे गुलाल नसतो... विचारतो, विचारून सांगतो.”

ज्ञानदाने पटकन भिंतीकडे तोंड केलं. पण हसू पाठीवरूनही दिसतं.

“तुम्ही मराठी आहात?” त्याने विचारलं.

“मी पुढच्या नंबरची आहे,” ती म्हणाली. “आणि पेन्सिल कानामागे आहे.”

एवढंच बोलणं झालं. तिने आपलं प्रकरण यंत्राशेजारी ठेवलं, तो ओशाळून हाताला लागतील ते कागद गोळा करून गेला, तिने आपल्या प्रती काढल्या, आणि त्याच दुपारी तिसरं प्रकरण प्राध्यापकांच्या टेबलावर ठेवून दिलं. दोन दिवसांनी ते तपासून परत आलं. त्रेचाळीस आणि चव्वेचाळीस या पानांच्या मधे श्यामकांत आगटे होता, आणि प्राध्यापकांनी समासात बारीक पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘संदर्भ दिलेला नाही.’

पत्रकावर फोन नंबर होता. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. नंबराकडे म्हणा, चेहऱ्याकडे म्हणा.

“आगटे,” पलीकडून आवाज आला. आठ वर्षांत तो फोन तिकडच्यासारखा आडनावाने उचलायला शिकला होता.

“मी ज्ञानदा. तुम्ही माझ्या प्रबंधात आला आहात.”

“कितव्या पानावर?”

“त्रेचाळीसनंतर.”

“बरा दिसतोय का?”

“पोलिसांना हवे असल्यासारखे.”

“तो व्हिसा ऑफिससाठी काढलेला फोटो आहे. तिथे हसायला मनाई असते.” मग तो जरा घुटमळला. “तुमचंही एक पान माझ्याकडे आलं होतं. कसलासा आलेख. मी तो तिसरीतल्या एका मुलाच्या आईला वाटून टाकला.”

“अहो... काय म्हणाल्या त्या?”

“माझे मुद्दे पटले म्हणाल्या.”

ज्ञानदाला हसता हसता ठसका लागला. ठसका थांबल्यावर तिने सांगितलं, की त्याच्या पत्रकातल्या जर्मनमध्ये सात चुका आहेत. आणि दुरुस्त करून हवं असेल, तर मंगळवारी तिला वेळ आहे.

तिला मंगळवारी वेळ नव्हता. प्रबंध संपवायला पाच आठवडे उरले होते.

*

मंगळवारचे दोन मंगळवार झाले, मग मधले गुरुवारही आले. विद्यापीठाच्या बागेजवळच्या एका बेकरीत ते बसत. खिडकीच्या काचेवर वाफ धरलेली, बाहेर सायकली भिजत पडलेल्या. ती लाल पेनाने चुका काढी आणि तो प्रत्येक चुकीची बाजू घेऊन भांडे.

“हे वाक्य फार लांब आहे.”

“मुद्दा मोठा आहे.”

“मुद्दा काय आहे?”

तेव्हा त्याने पत्रक बाजूला सारलं. मुद्दा असा होता, की शुक्रवारी शाळा अकरा वीसला सुटायची. इतर दिवशी दुपारी मुलांना सांभाळायची सोय होती, शुक्रवारी नाही. शुक्रवारी आई घरी असते असं तिथे कोणीतरी पन्नास वर्षांपूर्वी ठरवलं होतं. ऊर्जाची आई, साधना, दोन वर्षांपूर्वी बर्लिनला गेली होती. घटस्फोट झाला होता. ती तिथे दोन मैत्रिणींबरोबर कंपनी चालवत होती आणि ऊर्जा सुट्टीत तिच्याकडे जायची. शुक्रवारी श्यामकांत मीटिंगमधून उठून सायकल मारत शाळेत जायचा आणि ऊर्जाला ऑफिसच्या कँटीनमध्ये चित्रं काढायला बसवायचा. साहेब काही बोलत नव्हते. घड्याळाकडे बघत होते फक्त.

“आणि साधना?” ज्ञानदाने विचारलं. विचारायचं नव्हतं, विचारलं गेलं.

“चांगली आहे. तिचं काही चुकलं नाही,” तो म्हणाला, आणि कपाच्या तळाशी नसलेली साखर ढवळू लागला.

मग एका सकाळी शाळेच्या फाटकाशी पत्रकं वाटायचा कार्यक्रम झाला. पाऊस होताच. त्याच्याकडे छत्री एकच. आधी ती त्याने पत्रकांवर धरली. मग ज्ञानदाकडे बघितलं, आणि छत्री हळूच तिच्यावर सरकवली. पत्रकं भिजली. त्याचे खांदे भिजले. फरार माणसाच्या चेहऱ्यावरून शाई ओघळली आणि तो प्रथमच जरा माणसात आला.

“मतदार इकडे आहेत, श्यामकांतराव. मला मत नाही.”

“माहितीये.”

“मग छत्री?”

“...तुम्हाला प्रबंध आहे. सर्दी परवडायची नाही.”

“आणि ‘तुम्ही’ कशाला? मी आठ वर्षांनी लहान आहे तुमच्यापेक्षा.”

“आमच्या ऑफिसात माझ्यासमोर बसणाऱ्या माणसाला ‘अहो’वरून ‘अरे’वर यायला सहा वर्षं लागली,” तो म्हणाला. “मी प्रयत्न करतो.”

“सहा वर्षं?”

“गेनाऊ,” तो गंभीरपणे म्हणाला. अगदी बरोबर, असा त्याचा अर्थ. मात्र बोलताना तो तिच्या भिजलेल्या बाहीकडे बघत होता.

ऊर्जा बापाच्या पलीकडे उभी राहून हे सगळं ऐकत होती. तिला मराठी सगळं कळायचं, बोलायची ती जर्मन. “पापा, दास इस्ट पाइनलिश,” ती म्हणाली. लाज आणता आहात, इतकाच त्याचा अर्थ, आणि तो बरोबरच होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ज्ञानदाला ड्रेस्डेनहून पत्र आलं होतं. तिथल्या एका संस्थेत तीन वर्षांची जागा, सेमीकंडक्टरवर काम. एकतीस ऑक्टोबरच्या आत सही करून पाठवायचं. इकडे तिचे प्राध्यापकही सहा महिने मुदत वाढवून द्यायला तयार होते. सहा महिन्यांत पुढचं बघता आलं असतं. म्हणजे जायचं कारण होतं आणि राहायची सोय होती. राहायचं कारण तेवढं कोणीतरी द्यायचं बाकी होतं. ते कोणी द्यावं, हे ज्ञानदाच्या मनात पक्कं होतं. त्याच्या मनात काय होतं, ते त्याने पत्रकात छापलेलं नव्हतं.

तिने ड्रेस्डेनचं त्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “मोठी संधी आहे.” आणि तिच्या ताटलीतला केकचा तुकडा चुकून स्वतः खाल्ला.

*

निवडणूक शाळेच्या सभागृहात संध्याकाळी साडेसहाला होती. खुर्च्या दुसरीच्या मुलांच्या मापाच्या. त्यामुळे डॉक्टर, प्राध्यापक, इंजिनियर अशी सगळी थोर मंडळी गुडघे हनुवटीला लावून लोकशाहीची वाट बघत होती. ऊर्जाला घरी ठेवायला कोणी नव्हतं म्हणून ज्ञानदा तिला घेऊन शेवटच्या ओळीत बसली. असं तिने स्वतःला सांगितलं होतं.

मावळत्या अध्यक्षीणबाई, फ्राऊ हेर्टलाइन, उंच आणि नेमक्या. त्यांनी यादी काढली. एकेकाचं नाव घ्यायचं, उमेदवारी कायम आहे का ते विचारायचं, खूण करायची. पहिल्या बाई “हो” म्हणाल्या. दुसरे गृहस्थ “हो” म्हणाले. सहलीवाला “नाही” म्हणाला.

“हेर आगटे, आपण उभे आहात का?”

हेर म्हणजे तिकडचे श्रीयुत. श्यामकांत उठला. गेले तीन आठवडे तो या एका क्षणासाठी जगत होता. ऐंशी पत्रकं, सात चुका, एक छत्री. त्याने हात छातीवर ठेवला, मान जराशी झुकवली आणि जर्मनमध्ये म्हणाला, “नाही, नाही. माझ्यापेक्षा लायक मंडळी इथे बसली आहेत.”

कऱ्हाडला हे वाक्य म्हटलं की पुढचं सगळं आपोआप होतं. चारजण उठतात. “असं कसं, आगटेसाहेब,” म्हणतात. कोणी दंड धरतं, कोणी खांदा. मग आपण नाइलाजाने, जनतेच्या इच्छेपुढे मान तुकवून, हो म्हणायचं. पहिल्या हाकेला हो म्हणणं म्हणजे वाढायच्या आधीच ताटात हात घालणं.

“अरेरे,” फ्राऊ हेर्टलाइन म्हणाल्या, आणि पट्टी लावून त्याच्या नावावर रेघ मारली. “पुढे. फ्राऊ लिंडनर?”

श्यामकांत तसाच उभा होता. मान किंचित पुढे... हार गळ्यात पडायला सोपं जावं अशी. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर काय झालं ते समजल्याचं उमटू लागलं, आणि ते बघून ज्ञानदाने ओठांवर हात दाबला. हसू होतं ते, पण नुसतं हसू नव्हतं. एवढा मोठा, आठ वर्षं परदेशात मुरलेला माणूस, आणि आग्रहाची वाट बघत उभा.

ती उठली.

“माफ करा. मी पालक नाही, मला बोलायचा हक्क नाही. पण त्या गृहस्थांनी नाही म्हटलेलं नाही.”

“त्यांनी नाहीच म्हटलं,” फ्राऊ हेर्टलाइन म्हणाल्या. “दोनदा म्हटलं.”

“ते पहिलं ‘नाही’ होतं. आमच्याकडे पहिलं ‘नाही’ म्हणजे नमस्कार असतो. त्यांना कृपया पुन्हा एकदा विचारा.”

सभागृहात कुजबुज झाली. फ्राऊ हेर्टलाइननी नियमांची पुस्तिका काढली आणि वाचली. पुन्हा विचारायला बंदी नव्हती.

“किती वेळा विचारायचं असतं?” त्यांनी माहिती म्हणून विचारलं.

“गोड पदार्थ असेल तर तीनदा. निवडणुकीला दोनदा पुरे.”

त्यांनी पांढरी शाई लावून रेघ पुसली, ती वाळेपर्यंत सगळे थांबले, आणि मग त्या म्हणाल्या, “हेर आगटे, आपण उभे आहात का?”

“हो,” श्यामकांत म्हणाला. इतक्या जोरात, की पहिल्या ओळीतल्या एका आजोबांनी श्रवणयंत्र बंद केलं.

नऊ जागा, सात उमेदवार. सातही निवडून आले. मग चिटणीस कोण होणार असा प्रश्न निघाला आणि सभागृहातली प्रत्येक नजर जमिनीवर खिळली. श्यामकांतने तत्काळ हात वर केला. टाळ्या फार मनापासून वाजल्या.

परतताना ते सायकली हातात धरून चालत होते. ऊर्जा पुढे, झाडांची ओली पानं लाथाडत. ज्ञानदा हसून हसून दमली होती.

“इथे एकदाच विचारतात, श्यामकांतराव. हो असेल तर हो म्हणायचं. नाही म्हटलं तर ते बिचारे विश्वास ठेवतात.”

“एकदाच,” तो म्हणाला.

“एकदाच. आग्रह नाही, मिनतवारी नाही. माणसाच्या शब्दाला मान असतो इथे.”

“चांगलं आहे की हो ते,” तो हळूच म्हणाला. हसत नव्हता. “लक्षात ठेवीन.”

शिकवणाऱ्याने नेहमी सावध राहावं. एखादा विद्यार्थी खरोखरच शिकतो.

*

तीस ऑक्टोबरला, सोमवारी, तो ऑफिसातून लवकर निघाला आणि बागेच्या कोपऱ्यावर तिला भेटला. तिथे पिवळी टपालपेटी आहे. टपाल उचलायची वेळ त्या पेटीवर लिहिलेली असते आणि ती पाळली जाते. त्या दिवशी सव्वाचार. आत्ता चार वाजले होते. ज्ञानदाच्या हातात लिफाफा होता. तीन दिवस तो तिच्या पिशवीत होता आणि रोज या पेटीवरूनच ती घरी गेली होती.

पाऊस नव्हता. ऊन तिरपं होतं, पिवळं, थंडगार. तो इकडचं तिकडचं बोलत होता. शुक्रवारच्या सोयीचा ठराव पुढच्या सभेत मांडणार होता. ऊर्जाचा दात पडला होता. ज्ञानदा हूं हूं करत होती. तिचं लक्ष त्याच्या हाताकडे होतं. त्याने सायकलची घंटी उगाच धरून ठेवली होती, वाजू नये अशी.

“ते टाकू नकोस,” तो एकदम म्हणाला.

ती थांबली. नकोस. सहा वर्षं लागायची होती, तीन आठवड्यांत झालं होतं.

“राहतेस का इथेच?... म्हणजे सहा महिने नाही. राहतेस का... आमच्याकडे?”

आता बघा. गेले तीन आठवडे ही बाई या एका वाक्यासाठी जगत होती. त्यासाठी प्रबंधाचा शेवट लांबला होता. त्यासाठी लिफाफा पिशवीत कुजत होता. आणि तिच्या कानांत रक्त धावलं, गाल तापले, आणि सांगलीच्या घरात शंभर वर्षं जे शिकवत आले तेच तिच्या तोंडून बाहेर पडलं.

“छे हो,” ती म्हणाली, खाली बघत, हसू दाबत. “नको. उगीच काय... काहीतरीच तुमचं.”

आणि ती थांबली.

एक बस गेली. समोरच्या बाकावर एक बाई कुत्र्याला काहीतरी समजावत होती. ज्ञानदाने लिफाफ्याचा कोपरा दुमडला, सरळ केला, पुन्हा दुमडला. आता तो म्हणेल, अगं ऐक तरी. आता म्हणेल, का पण? आणि मग ती वर बघेल.

“बरं,” श्यामकांत म्हणाला.

फार हळू म्हणाला. तिने वर पाहिलं, तर त्याचा चेहरा त्या पत्रकासारखा झाला होता. मग त्यातूनही तो हसला. “चुकलं माझं. रागावू नका हं.”

नका.

तिला ओरडून सांगायचं होतं, की तुम्ही पुन्हा विचारा, आत्ता, लगेच. पण सभागृहात दुसऱ्याकरता उठून बोलता येतं. स्वतःकरता मागच्या ओळीतून कोण उठणार? आणि कोपऱ्यावरून टपालाची पिवळी गाडी वळली. चार चौदा. ज्ञानदाने यंत्रवत पेटीचं झाकण ढकललं. ते घट्ट होतं.

त्याने सायकल स्टँडवर लावली, पुढे झाला, आणि तिच्यासाठी ते झाकण उचलून धरलं.

*

ड्रेस्डेन सुंदर आहे असं सगळे म्हणतात. असेल. पहिल्या हिवाळ्यात ज्ञानदाने नदीवरचं धुकं पाहिलं आणि फोन पाहिला. फोन यायचा. नवीन वर्षाला यायचा, वाढदिवसाला यायचा. तो तिकडचं हवामान विचारायचा, इकडचं सांगायचा. “आल्झो...” म्हणून थांबायचा. तिकडे ‘तर मग’ अशा वेळी हा शब्द टाकतात. ज्ञानदा श्वास धरून बसायची. मग तो म्हणायचा, “ठेवतो. काळजी घ्या.”

तिने स्वतःहून फोन केला नाही असंही नाही. चारदा केला. चारही वेळा मनात एक वाक्य तयार होतं, आणि चारही वेळा तिने ऊर्जाच्या दातांची चौकशी केली. ऊर्जाला त्या वर्षी बहुतेक सगळे दात आले.

पुढच्या वर्षी उत्कर्ष भेटला. कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात इंजिनियर, ठाण्याचा, दणदणीत हसणारा. त्याने तिला एप्रिलमध्ये ट्राममध्ये विचारलं. ती नको म्हणाली, आणि खरंच नको होतं. त्याने जूनमध्ये विचारलं, गणपतीत मोदक वाढताना सगळ्यांदेखत विचारलं, आणि डिसेंबरात बर्फात पडल्यावर, उठायच्या आधी विचारलं. माणूस चांगला होता. चौथ्यांदा ती हो म्हणाली.

२००८च्या मार्चमध्ये, एका गुरुवारी दुपारी, तिने संस्थेच्या जिन्यात उभं राहून श्यामकांतला फोन केला. दुसऱ्या कोणाकडून त्याला कळू नये म्हणून.

“मी लग्न करतेय,” तिने सांगून टाकलं.

“अरे वा,” तो म्हणाला. “कोण आहेत?”

तिने सांगितलं. गाव, नोकरी, मे महिन्यातली तारीख. आणि मग, जे सांगायची काही गरज नव्हती, तेही सांगितलं. “चार वेळा विचारलं त्याने.”

ती जिन्याच्या कठड्याला टेकली.

“तुम्ही एकदाच विचारलंत,” ती म्हणाली.

“तुम्हीच शिकवलं होतंत.”

“ते त्यांच्यासाठी होतं. फ्राऊ हेर्टलाइनसाठी. मी सांगलीची आहे, श्यामकांतराव.”

जिन्यातून एक विद्यार्थी वर गेला, पुन्हा खाली आला.

“म्हणजे त्या दिवशी...” तो म्हणाला.

“हं.”

“टपालपेटीशी.”

“हं.”

“मला रोज वाटायचं पुन्हा विचारावं,” तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता, हवामान सांगावं तसा. “फोन केला की वाटायचं. पण साधनाला मी तीन महिने विचारत होतो. जाऊ नको. निदान दिवाळीपर्यंत राहा. सकाळी विचारायचो, ऑफिसातून आलो की विचारायचो. मला वाटायचं, मी प्रेम करतोय. जाताना ती म्हणाली, श्याम, तू माझं ‘नाही’ कधी ऐकूनच घेतलं नाहीस. लग्नालाही मी पहिल्यांदा नाहीच म्हटलं होतं.” तो थांबला. “म्हटलं, दुसऱ्या वेळी तरी पहिल्याच वेळी ऐकावं.”

ज्ञानदा पायरीवर बसली. दगड गार होता. तिला रागवायला हवं होतं आणि कोणावर ते सापडत नव्हतं.

“बरोबर होतं तुमचं,” ती शेवटी म्हणाली.

“तुमचंही,” तो म्हणाला.

एकाचं चुकलं असतं तर दुसऱ्याला माफ तरी करता आलं असतं. दोघंही बरोबर निघाले, आणि मग बोलायला काही उरलं नाही. ती त्याचा श्वास ऐकत राहिली, तो तिचा. एर्लांगेनला बहुधा पाऊस असावा. पलीकडे पन्हळीचं पाणी वाजत होतं. ज्ञानदाने बाहीने डोळे पुसले. फोन ठेवायला दोघांपैकी कोणी तयार नव्हतं आणि तसं म्हणायलाही कोणी तयार नव्हतं.

“ज्ञानदा,” तो म्हणाला.

“हं?”

“एक विचारायचं होतं... खूप दिवस...” त्याने घसा साफ केला. “म्हणजे कालपासून.”

“विचारा ना.”

“शुक्रवारची सोय झाली ना आमच्या शाळेत. चारपर्यंत. पण जेवण आम्ही पालकांनीच आळीपाळीने करायचं ठरलंय, आणि उद्या माझी पाळी आहे. बावीस मुलं आहेत. खिचडीला तांदूळ किती आणि डाळ किती, तेवढं सांगाल का?”